दुपारी दोनचं हळदीकुंकू

भिलाईतल्या आमच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये हळदीकुंकू दुपारी दोनला असायचं. मराठी मंडळातल्या बायका त्यावरून मला मनसोक्त हसून घ्यायच्या. भर दुपारी, स्टील प्लांटचा भोंगा वाजत असताना, काठपदराचं नेसून अत्तरदाणी हातात कोण घेतं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगायचे, दुर्ग आणि भिलाई-३ हून येणाऱ्यांना अंधार पडायच्या आत परत जायचं असतं. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की आमच्या मागच्या गल्लीतलं आरोग्य केंद्र चार वाजता बंद व्हायचं.

कुटुंब नियोजनाच्या कामात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. संस्था लहानशी, काम मोठं. मितानिन, म्हणजे आमच्याकडची गावपातळीवरची आरोग्यसेविका, तिला सोबत घेऊन घरोघर जायचं, बायकांना गोळा करायचं, चित्रांचं फडफडतं पुस्तक उघडून समजावायचं. त्या पुस्तकात एक सासू होती. भुवया जुळलेल्या, बोट रोखलेलं, डोक्यावर पदर. शेजारी खाली मान घातलेली सून. पुस्तकं बदलली, कागद गुळगुळीत झाला, सुनेची साडी जाऊन सलवार कुर्ता आला, पण सासूच्या भुवया काही कुणी सैल केल्या नाहीत. मी ते पान इतक्यांदा उलटलं, की कुठल्याही घरात शिरले की माझे डोळे आधी त्या बाईला शोधायचे आणि सापडली की मी मनातल्या मनात पदर खोचायचे.

मला माझ्या हुशारीचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. सासवांना गुंडाळण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मीच चार जणींत सांगायचे. नाव कुणाचंही लिहायचं नाही, ही सवय त्याच कामाने लावली. म्हणून इथेही नावं नाहीत. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी हे वाचलं तर त्यांना कळेल, आणि तेवढं पुरे.

तीन महिन्यांनी घ्यायच्या सुईची सोय सरकारी केंद्रात झाली, तेव्हा मला फार आनंद झाला. गोळ्या लपवाव्या लागतात, तांबी बसवायची तर कुणी सोबत लागतं, ऑपरेशन तर सगळ्या गल्लीला कळतं. सुई मात्र दंडात टोचली की झालं. अडचण एकच होती, कार्डाची. सुई घेतली की कार्ड मिळायचं, त्यावर पुढची तारीख असायची, आणि ते कार्ड घरी सापडलं तर महाभारत. म्हणून ज्यांच्या घरी चालणार नव्हतं त्या चार-पाच जणींची कार्डं मी माझ्याकडे ठेवायचे. संक्रांतीच्या हलव्याचा एक जुना पत्र्याचा डबा होता. वर हलव्याची पुरचुंडी, खाली कार्डं. नियमात बसत नव्हतं, पण चालून जात होतं.

राहिला प्रश्न बोलवायचा. फोनवर तारीख कळवायची सोय नव्हती, कारण फोन नवऱ्याच्या हातात असायचे. तेव्हा मला हळदीकुंकू सुचलं. संक्रांतीचं आम्ही रथसप्तमीच्या आत करतोच. मग चैत्रगौरीचं, मग श्रावणातल्या शुक्रवारचं, मग तुळशीच्या लग्नाला तयारीला बोलवायचं. चार वेळा, साधारण तीन-तीन महिन्यांनी. सुईला थोडं आधी, थोडं नंतर चालतं, ते आमच्या केंद्रातल्या सिस्टरनी मला समजावलंच होतं. पंचांगच माझ्या मदतीला धावलंय असं मला वाटलं. कुठली सासू हळदीकुंकवाला जाऊ नको म्हणेल? बायका यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या, आणि ज्यांचं काम असे त्या मागच्या दाराने, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखालून केंद्रात जाऊन दहा मिनिटांत परत यायच्या. बाहेरच्या खोलीत बाकीच्यांचं डाळ-पन्हं चालू असायचं.

ती मुलगी मला चैत्रगौरीलाच भेटली. गोंदियाकडची, लग्न होऊन भिलाई-३ ला आलेली. सासर नागपूर बाजूचं रेल्वेतलं कुटुंब, नवरा मालगाडीवर असिस्टंट. सासू विधवा, आणि एक नणंद लग्नाची. हिला एक मुलगी, वर्षाची. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात माझ्यामागे आली आणि पन्ह्याचे पेले पुसायला लागली. न विचारताच पेला पुसणारी बाई काहीतरी मागायला आलेली असते, हे मला अनुभवाने माहीत होतं.

"ताई, मले बी.एड.ले ॲडमिशन भेटून राहिली दुर्गाले," ती म्हणाली. "दोन वर्षांचं आहे. तेवढ्यात दुसरं नको मले. पण घरी बोलू नाही शकत."

"कोण नाही म्हणतं? नवरा?"

"ते म्हणतात, आई म्हणतील तसं. आणि आईंना नातू पाहिजे."

झालं. मला माझी सासू सापडली. पुढचं काही विचारायची मला गरजच वाटली नाही. नणंदही त्याच कॉलेजात जाणार होती, त्यामुळे जाता-येता दोघी सोबत. भिलाई-३ च्या केंद्रातली सिस्टर त्यांच्याच गल्लीत राहायची. सगळ्या वाटा बंद. मी तिला म्हटलं, "तू तारीख डोक्यात ठेवायची नाही, कुठं लिहायची नाही. तो माझा विषय. मी हळदीकुंकवाले बोलावते तेव्हा यायचं, बस." तिने इतक्या विश्वासाने मान हलवली, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मी तिच्या घरी पुढच्या हळदीकुंकवांना पाठवत जा, असं सांगायच्या निमित्ताने जाऊन सासूला पाहून आले. साठीची बाई, गुडघे धरलेले, आवाज मोठा. ओट्यावर बसून चार शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात तिने मला सांगितलं, "एक नातू मांडीवर दिला का मी मोकळी झाली, बाई. मंग मले काई नको." मी हसून मान डोलावली आणि मनात म्हटलं, ठीक आहे काकू, बघू कोण मोकळं होतं ते.

वर्ष बिनबोभाट गेलं. पहिली सुई श्रावणात, मग तुळशीचं लग्न, संक्रांत, चैत्र. ती यायची, मागच्या दाराने जायची, यायची, दंड चोळत चणे खायची. पहिल्या सत्राचे मार्क घेऊन आली तेव्हा मी तिच्या हातावर साखर ठेवली. पाठ घ्यायला एका शाळेत जाऊ लागली होती. सहावीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना पोळीचे तुकडे करून दाखवले, ते मला तिने माझ्याच पोळपाटावर करून दाखवलं. बोलताना ती उभी राहायची, जणू समोर वर्ग आहे.

एकदा ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडून गेली का आई मले पोळ्या नाही करू देत. म्हणतात, हळदीकुंकवाहून आलेली बाई थकते, बस जरा."

मी पोट धरून हसले. "अगं, हळदीकुंकवाचा पुण्यसंचय होतो ना त्यांच्या घरात. नातवासाठी लागतो तो."

ती पण हसली. मी अशा गोष्टींवर तिला हसायला शिकवलं, हे आज आठवतं तेव्हा जिवाला लागतं.

दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला. अधिक श्रावण. आमच्यात अधिकात लग्नमुंज नाही, नवं काही नाही, हळदीकुंकू निज श्रावणात. म्हणजे माझा शुक्रवार एकदम महिनाभर पुढे गेला. त्यात भर अशी, की अधिकाच्या वर्षी मागचे सण लवकर येतात. त्या वर्षी चैत्रगौर लवकर झाली होती. एका बाजूने चैत्र मागे सरकला आणि दुसऱ्या बाजूने श्रावण पुढे. मधलं अंतर किती वाढलं हे कळायला डबा उघडून कार्ड पाहायचं होतं. दोन मिनिटांचं काम. मी भिंतीवरचं पंचांग पाहिलं आणि म्हटलं, थोडं मागेपुढे चालतं.

बाकीच्या जणी आपापल्या आल्या. एकीच्या नवऱ्याला माहीत होतं, दुसरी आमच्याच सेक्टरमध्ये राहायची, भाजी आणायला म्हणून निघाली की केंद्रात जाऊन यायची. ही एकटीच अशी होती जी माझ्या बोलावण्याशिवाय येऊ शकत नव्हती. तिने फोनही केला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती, ती हळू बोलत होती.

"ताई, यंदा हळदीकुंकू कधी आहे?"

"अधिक आहे ना बाळा. निज श्रावणात, दुसऱ्या शुक्रवारी."

"फार पुढे नाही का होऊन राहिलं ताई?"

"तू कशाला मोजतेस? मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द मी आयुष्यात किती बायकांना ऐकवले असतील. त्या दिवशी मी खरंच तिथे नव्हते. मी माझ्या युक्तीच्या प्रेमात होते.

त्यानंतर आठेक दिवसांनी, भर उकाड्यात, तिची सासू माझ्या दारात उभी राहिली. एकटी, गुडघे धरत, हातात अनारशांचा डबा. मोठ्या लेकीकडे दुर्गाला जावयाचं वाण घेऊन चालली होती, म्हणाली, वाटेत उतरले. आमचा सेक्टर तिच्या वाटेत येत नाही. रिक्षा बदलून, वाकडी वाट करून ती आली होती. मी आधी काय केलं असेल, तर टेबलावरचा हलव्याचा डबा उचलून पिठाच्या डब्यामागे सारला.

तिने पाणी प्यायलं, चहा नको म्हणाली, घरभर नजर फिरवली. मग म्हणाली, "यंदा हळदीकुंकू नाही का बाई तुमच्याकडे?"

"अधिकात कुठं करतात काकू? तुमी तर जुन्याजाणत्या."

"ते बी खरं आहे." तिने पदराने मान पुसली. "मंग घरचं काही? सत्यनारायण वगैरे? सुनेले धाडतो मी. तुमी बलवा फक्त."

"सत्यनारायण श्रावणातच करते मी."

"बरं," ती म्हणाली. उठताना अनारशांचा डबा माझ्या हातात दिला आणि दारात पुन्हा एकदा म्हणाली, "बलवा तुमी. मी अडवत नाही तिले."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, बाई पाळत ठेवायला आली होती, संशय आलेला दिसतो, आता जरा जपून. नवरा अनारसा खात म्हणाला, पाळतीवर आलेली बाई अनारसे कशाला आणेल. मी म्हटलं, तुम्हाला बायकांचं काय कळतं. अनारसे उत्तम झाले होते, जाळी सुरेख पडली होती. मी चार खाल्ले.

निज श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी ती आली. मी तिला मागच्या दाराने घेऊन गेले. सिस्टरनी कार्ड हातात घेतलं, बोटांवर मोजलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "दीदी, तारीख तो कब की निकल गई. अब ऐसे सुई नहीं लगेगी." आधी तपासणी, मग दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, नक्की काही नाही असं दिसलं की मगच सुई, तोवर दुसरं काही वापरायचं. सिस्टर नियमाने चालणारी होती आणि तिचं बरोबर होतं. पहिली तपासणी ठीक आली. तिने गोळ्यांचं पाकीट आणि निरोध पुढे केले, आणि या मुलीने हात मागे घेतला. ठेवणार कुठे? नवऱ्याला सांगायचं कसं?

मुनग्याखालून परत येताना तिने मला विचारलं, "दोन हफ्त्यांनी कशी येऊ ताई? काय सांगून येऊ?"

पुढे गणपती होते. मग पितृपक्ष, त्यात कुणी कुणाला कुंकवाला बोलावत नाही. नवरात्रात मला मुलीकडे पुण्याला जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. मी मनातल्या मनात सगळे दिवस चाळले आणि एकही सोयीचा सापडला नाही. एखाद्या साध्या मंगळवारी तिच्या घरी जाऊन, सासूसमोर उभी राहून, हिला माझ्यासोबत पाठवा, काम आहे, असं म्हणता येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी म्हटलं, "सुईचा असर लगेच नाही जात. तुळशीच्या लग्नापर्यंत काही होत नाही. तेव्हा आपण व्यवस्थित करू."

त्या वाक्याला काही आधार नव्हता. तिला धीर द्यायला म्हणून बोलले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या क्षणी मला ती अडचण माझ्यासमोरून हलवायची होती. बाहेर बायका वाट पाहत होत्या, दूध आटत होतं.

तुळशीच्या लग्नाच्या दुपारी ती आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. ऊस कापायला बसली आणि मध्येच उठून मोरीकडे गेली. मला तिथेच कळलं. तरी आम्ही केंद्रात गेलो, सिस्टरनी तपासणीची पट्टी पाहिली आणि आमच्यापुढे धरली.

काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं होतं. मी तिला सगळं नीट सांगितलं, कायद्याने काय होऊ शकतं, कुठे जाता येईल, मी सोबत येईन. हे माझं काम मी त्या दिवशी बरोबर केलं, उशिरा का होईना. ती केंद्राच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "नाही ताई. आता आलंय तर येऊ दे. होऊन जाईल बी.एड. पण." आणि माझ्याकडे पाहून हसली. तिला माझी कीव आली असावी. ते हसू मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

बी.एड. झालं नाही. चौथ्या महिन्यात त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी अंथरूण धरायला सांगितलं. शाळेत सलग पाठ घ्यायचे दिवस नेमके तेच होते. हजेरी कमी पडली. कॉलेजने पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणून सांगितलं, पण पुढच्या वर्षी मांडीवर तान्हं असणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. नणंद पास झाली आणि एका खासगी शाळेत लागली. मी एकदा हिला भेटायला गेले तेव्हा ही खाटेवर पडून होती आणि हिची मोठी मुलगी हिच्या पाठांच्या वहीत रंगीत खडूने रेघोट्या ओढत होती. वही काढून घ्यायला कुणी उठलं नाही. मीही नाही.

मुलगा झाला. पेढे घेऊन सासूच आली, बारसं उरकल्यावर. मी तिला बाहेरच्या खोलीत बसवत होते, तर ती सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. मी पेढा तोंडात घातला आणि ठेवणीतलं बोलले, "झाल्या ना काकू मोकळ्या. नातू मांडीवर आला."

तिने माझ्याकडे पाहिलं. भुवया जुळलेल्या नव्हत्या. थकलेलं तोंड होतं.

"बाई, तुमी मले कावून नाही सांगतलं?"

"काय काकू?"

"सुईचं."

मी पेढा गिळला. तिने आवाज खाली आणला, ओट्यावरचा आवाज नव्हताच तो. "पहिल्याच खेपेले समजलं मले. हळदीकुंकवाहून आली अन् दंड चोळून राहिली. दुपारी दोनले कोणी हळदीकुंकू करते का बाई? मी काय एवढी येडी हाव? मी म्हटलं, बरं झालं. शिकू दे. म्हणून पोळ्या बी मीच लाटो त्या दिवशी, हात दुखंन म्हणून."

ती पुढे म्हणाली, "नातू पाहिजे, नातू पाहिजे, मी ओट्यावर बोलो, ते पोराले ऐकू जावं म्हणून. त्याले वाटे, माय पाहून राहिली सगळं, मंग तो तिच्या मागं लागत नव्हता. मी गप बसली असती तं तो बोलला असता. मायं कोण ऐकतं तसं घरात? तो कमावते."

"मग तुमी सुनेला का नाही सांगितलं?"

"तिनं मले सांगतलं असतं तं मी बोलली असती. तिचं लपवणं आहे, आपण कशाले उघडं करा." मग म्हणाली, "अधिकात मी तुमच्याकडं आली होती. दोनदा इचारलं तुमाले. मले दिवस समजत होते बाई, तीन महिने उलटले होते. तुमी म्हणाल्या, अधिकात कुठं."

मी पिठाच्या डब्याकडे पाहिलं. त्यामागे हलव्याचा डबा अजून तसाच होता.

"माया येळेस मले कोणी हळदीकुंकवाले बलावलं नाही," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. उठताना गुडघ्यावर हात टेकून तिने एक गोष्ट मागितली. "तिले नोका सांगू. माहीत असून बुढी गप बसली, असं वाटंन तिले. आता काय उपयोग आहे त्याचा."

मी शब्द दिला. ती गेल्यावर मी डबा काढला, कार्ड पाहिलं. चार रकाने भरलेले, पाचवा रिकामा, त्यावर सिस्टरच्या अक्षरात तारीख. ती तारीख मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली.

एवढी वर्षं मी बायकांना सांगत आले, घरात बोला, नवऱ्याशी बोला, मोकळं बोला. आणि स्वतः त्या घरात दोन बायकांच्या मधोमध बसून, एकीचं दुसरीला कळू नये याचा बंदोबस्त करत राहिले. माझं काम दार उघडायचं होतं. मी मागचं दार उघडलं आणि पुढच्या दाराला कधी हात लावला नाही. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं.

संक्रांतीनंतर मुलाचं बोरन्हाण होतं. मला आग्रहाचं बोलावणं आलं. मी हलव्याचे दागिने करून नेले, त्याच डब्यातून. डबा आता फक्त हलव्याचा आहे, कार्डं मी ज्यांची त्यांना दिली, आणि ज्यांना घरी ठेवता येत नाहीत त्यांच्या घरी आधी जाऊन सगळ्यांसोबत बसते, सासूजवळही. काही ठिकाणी बोलणी खाऊन परत येते. खाते.

भिलाई-३ च्या त्या घरात बाहेरच्या खोलीत गलका होता. पोराच्या डोक्यावर बोरं, ऊस, चुरमुरे ओतले जात होते आणि गल्लीतली लेकरं तुटून पडत होती. सासू त्याला मांडीवर घेऊन बसली होती, मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगत होती, एकदाचा नातू आला, आता मी मोकळी. सून मला आत घेऊन गेली, कुंकू लावायला. जरा भरली होती अंगाने. मी तिला विचारलं, पुन्हा ॲडमिशनचं काही बघतेस का. तिने मान हलवली.

"आता कुठं ताई. दोन दोन लेकरं." बाहेरच्या आवाजाकडे तिने मान वळवली. "आईंचं झालं मनासारखं. त्यांच्यापायीच गेलं बी.एड. माझं. त्या जर तशा नसत्या, तर आपल्याले एवढं लपूनछपून कशाले करा लागलं असतं?"

करंडा माझ्या हातात होता. मी शब्द दिला होता, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. तिला सासूचं सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं, अनारशांचं, न उघडलेल्या डब्याचं, आणि त्या घरात माझ्यावर अजूनही विश्वास ठेवणारी ती एकटीच उरली होती. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. बाहेर सासू कुणालातरी म्हणत होती, सुनेले आधी द्या, सकाळपासून उपाशी आहे ते.

"हो ना," मी म्हणाले.